एका पदच्युत कारभाऱ्याची कैफियत

कांहीं पुस्तकांचें दैवच असें विचित्र असतें कीं, त्यांतील एखादी हकीकत जगभर होते आणि बाकीचें पुस्तक कोणी उघडून पाहत नाहीं. अमेरिकेचे एक वेळचे अर्थमंत्री व नंतर अध्यक्षांच्या कचेरीचे 'चीफ ऑफ स्टाफ' डोनल्ड रीगन यांच्या 'फॉर द रेकॉर्ड' या आत्मनिवेदनाची गत अशीच झाली. १९८८ सालच्या मे महिन्यांत तें प्रसिद्ध झालें. सान फ्रान्सिस्को येथील एक ज्योतिषीण कुंडल्या मांडून अध्यक्षांच्या प्रवासाचे, भाषणांचे व भेटीगांठींचे दिवस ठरवून देत असे, ही गोष्ट ग्रंथकर्त्यानें आरंभींच सांगितली होती. वर्तमानपत्रांनीं तेवढी उचलली, विनोदकारांची चंगळ झाली आणि पुस्तकाचा निकाल लागला! इतक्या वर्षांनीं तें पुन्हां वाचून पाहतां आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, ही ज्योतिषाची हकीकत म्हणजे वाड्याच्या दर्शनी भिंतीवरचें चित्र आहे. येणारा जाणारा तें पाहून तेथूनच परत फिरतो. खरी गोष्ट आंतल्या दिवाणखान्यांत घडली. १९८५ च्या फेब्रुवारींत रीगन यांच्या हातीं कारभार आला, आणि १९८७ च्या फेब्रुवारींत तो गेला. या येण्याचें आणि जाण्याचें जें वर्णन त्यांनीं केलें आहे तें इतकें बोलकें आहे कीं, आपण काय लिहून गेलों याचा खुद्द त्यांनाच पत्ता लागलेला दिसत नाहीं.

नांवांचा घोटाळा आधींच निस्तरलेला बरा. अध्यक्षांचें आडनांव रेगन आणि त्यांच्या कारभाऱ्याचें रीगन. इंग्रजी लेखनांत दोहोंमध्यें एका अक्षराचा फरक. त्यांतच कारभारीपदावर रीगन यांच्या आधीं जेम्स बेकर होते, आणि मागून हॉवर्ड बेकर आले; या दोन बेकरांचें एकमेकांशीं कांहीं नातें नाहीं. एखाद्या प्रहसनकारानें अशीं नांवें योजिलीं असतीं तर आम्हीं त्यास दोष दिला असता. सबब या लेखांत रोनल्ड रेगन यांस आम्ही नुसतें 'अध्यक्ष' म्हणूं, आणि रीगन हें नांव ग्रंथकर्त्यासाठीं राखून ठेवूं.

'चीफ ऑफ स्टाफ' यास मराठी प्रतिशब्द कोणता, हाही प्रश्नच आहे. चिटणीस म्हणावें तर पत्रें लिहिणें हें त्याचें मुख्य काम नव्हे. मंत्री म्हणावें तर मंत्र्याची नेमणूक सेनेटच्या संमतीनें व्हावी लागते, याची तशी होत नाहीं. राज्यघटनेंत या पदाचा उल्लेखही नाहीं. अध्यक्षांकडे कोणी जावें, कोणता कागद त्यांच्यापुढें ठेवावा, कोणता वाद त्यांच्यापर्यंत जाऊं न देतां खालींच मिटवावा, हें ठरविणारा तो मनुष्य. पेशवाईंतील 'कारभारी' हा शब्द आम्हांस त्यांतल्या त्यांत जवळचा वाटतो. कारण कारभाऱ्याची सत्ता बव्हंशीं धन्याच्या मर्जीवरच चाले.

हें पद फार जुनें नाहीं. १९३७ सालीं लुई ब्राउनलो यांच्या समितीनें अध्यक्षांस मदतनिसांची गरज आहे असा अभिप्राय दिला, आणि त्या मदतनिसांच्या अंगीं अप्रसिद्धीची आवड असली पाहिजे असेंही सुचविलें. १९३९ सालीं अध्यक्षांची स्वतंत्र कार्यकारी कचेरी उभी राहिली. पुढें सेनापति आयझेनहॉवर अध्यक्ष झाले तेव्हां, १९५३ सालीं, त्यांनीं शेर्मन ॲडम्स यांच्या हातीं सारा अंतर्गत कारभार सोंपविला. हे ॲडम्स मोठे करारी. परंतु एका कापड-कारखानदाराकडून त्यांनीं एक उंची लोकरीचा कोट व इतर भेटी स्वीकारल्याचें उघडकीस आलें आणि १९५८ सालीं त्यांस जावें लागलें. निक्सन यांचे कारभारी हॅल्डमन हे ३० एप्रिल १९७३ रोजीं गेले, आणि पुढें तुरुंगांतही गेले. केनेडी व जॉन्सन यांनीं असा सर्वाधिकारी कारभारी ठेवलाच नाहीं. कार्टर यांनींही आरंभीं ठेवला नाहीं. पण अडीच वर्षांनीं, १९७९ च्या जुलैंत, त्यांस तो नेमावा लागला. म्हणजे कारभारी असला तर धन्यास बट्टा लागण्याची भीति, आणि नसला तर कामें अडतात, असा हा प्रकार आहे.

रीगन यांचा पूर्वेतिहास या पदास अनुकूल होता असें वरवर पाहणारास वाटेल. १९१८ सालीं बोस्टनजवळच्या केंब्रिज येथें जन्म, हार्वर्डची पदवी, दुसऱ्या महायुद्धांत मरीन दळांत लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत चढ, १९४६ सालीं मेरिल लिंच या रोखे-दलालांच्या पेढींत उमेदवारी, आणि १९७१ पासून त्याच पेढीचें प्रमुखपद. १९८१ च्या जानेवारींत ते अर्थमंत्री झाले. या अर्थमंत्रिपदाच्या चार वर्षांची हकीकत हा पुस्तकांतील आमच्या मतें सर्वांत मोलाचा भाग होय. तो ज्योतिषाइतका चटकदार नाहीं, म्हणून त्याची वाच्यता फारशी झाली नाहीं. रीगन सांगतात कीं, या चार वर्षांत अध्यक्षांची व त्यांची एकांतांत एकदांही भेट झाली नाहीं. आर्थिक धोरणाविषयीं, कर व चलन यांविषयीं अध्यक्ष त्यांच्याशीं समोरासमोर बसून कधींच बोलले नाहींत. धन्याची इच्छा काय आहे हें अर्थमंत्र्यास अध्यक्षांचीं भाषणें आणि वर्तमानपत्रें वाचून, इतर कोणाही नागरिकाप्रमाणें, ताडावें लागे. एवढ्या धनाढ्य राष्ट्राचा खजिनदार सकाळीं वर्तमानपत्र उघडून आपल्या खात्याचें धोरण काय असावें याचा अंदाज बांधीत बसला आहे! कोणा कादंबरीकारानें हें चित्र रंगविलें असतें तर आम्हीं त्यास अतिशयोक्तीबद्दल टोंकलें असतें.

रीगन हें आश्चर्यानें सांगतात, थोड्या खेदानेंही सांगतात. पण वाचक येथें जसा थबकतो तसे ते थबकत नाहींत. ज्या गृहस्थानें आपल्या अर्थमंत्र्यास चार वर्षांत एकान्तांत एक प्रश्न विचारला नाहीं, तो आपल्या कारभाऱ्यास तरी विचारील काय? आणि जो विचारीत नाहीं त्याच्या घरचा कारभार पत्करणें म्हणजे नेमकें काय पत्करणें? हा प्रश्न त्यांच्या मनांत १९८४ च्या अखेरीस यावयास हवा होता. तो पुस्तक लिहितांनाही आलेला दिसत नाहीं.

पहिल्या चार वर्षांत व्हाइट हाउसमध्यें कारभारी नांवाचा एक, पण वस्तुतः तीन होते. जेम्स बेकर यांच्याकडे तें पद होतें. एडविन मीस हे कॅलिफोर्नियापासूनचे जुने सल्लागार धोरणाची बाजू पाहत. आणि मायकेल डीव्हर हे अध्यक्षांच्या, त्यांतही त्यांच्या पत्नी नॅन्सीबाई यांच्या, विशेष विश्वासांतले. लोक या तिघांस 'ट्रॉइका', म्हणजे तीन घोड्यांची रशियन गाडी, म्हणत. तिघांचें आपसांत फार गूळपीठ होतें असें नाहीं. परंतु त्यांच्या ओढाताणींतूनच एक गोष्ट साधून जाई. एकानें जें दडविलें तें दुसरा अध्यक्षांच्या कानीं घाली, आणि दोघांच्या नजरेंतून जें सुटे तें तिसरा बाईंच्या मार्फत कळवी. त्यांत बेकर यांची गोष्ट तर ध्यानांत घेण्यासारखी आहे. हे ह्यूस्टनचे वकील १९७६ सालीं फोर्ड यांच्या बाजूनें, आणि १९८० सालीं जॉर्ज बुश यांच्या बाजूनें, याच अध्यक्षांविरुद्ध लढले होते. परक्या छावणींतून आल्यामुळें धन्याचें मन आपणांस ठाऊक आहे असा भ्रम त्यांस झाला नसावा. विचारून, चांचपून, सेनेटरांस व पत्रकारांस सांभाळून पाऊल टाकण्याची त्यांची रीत त्यामुळेंच पडली असावी.

चार वर्षांत बेकर थकले. १९८४ च्या अखेरीस दोघांच्या एका भेटींत रीगन म्हणाले कीं, तुम्ही दमलां आहां, आपण जागांची अदलाबदल कां करूं नये? बोलणें जवळजवळ थट्टेवारीचें होतें. बेकर यांनीं तें मनावर घेतलें. डीव्हर यांस विश्वासांत घेण्यांत आलें, नॅन्सीबाईंची अनुकूलता झाली, आणि सर्वांच्या शेवटीं, ज्यांची कचेरी त्यांच्या कानावर ती गोष्ट घालण्यांत आली. त्या भेटीचें वर्णन पुस्तकांत आहे आणि तें मुळांतून वाचण्यासारखें आहे. रीगन यांनीं आपलीं कारणें सांगितलीं. अध्यक्षांनीं प्रसन्न मुद्रेनें ऐकून घेतलीं व होकार दिला. कचेरी कशी चालविणार, अर्थखात्यांत आरंभिलेल्या कामांचें काय, ही अदलाबदल तुम्हांस कां हवी, यांतलें कांहीं एक विचारलें नाहीं. ८ जानेवारी १९८५ रोजीं बातमी जाहीरही झाली. रीगन लिहितात कीं, या सहज स्वीकाराचें आपणांस नवल वाटलें.

नवल वाटलें, पण ते सावध झाले नाहींत! आमच्याकडील गृहिणी घरची स्वयंपाकीण बदलावयाची तरी चार प्रश्न विचारते. येथें अर्थखातें आणि अध्यक्षांची कचेरी या दोहोंचे कारभारी एका बैठकींत इकडचे तिकडे झाले. रीगन यांनीं त्या मौनाचा अर्थ विश्वास असा केला. अध्यक्ष पूर्वाश्रमीचे नट. पडदा कोण ओढतो याच्याशीं नटास काय कर्तव्य, असें म्हणून कित्येक टीकाकारांनीं या प्रकाराचा उलगडा केला आहे. आम्हांस तो उलगडा फार सोपा वाटतो. करकपात आणि सोव्हिएट रशियाशीं असलेला शस्त्रास्त्रांचा प्रश्न या बाबतींत हेच अध्यक्ष कमालीचे आग्रही होते, आणि तेथें त्यांनीं आपल्या सल्लागारांस अनेकदां बाजूस सारलें आहे. दोन-चार मोठ्या गोष्टी त्यांच्या जिव्हाळ्याच्या. त्या सिद्धीस नेण्यासाठीं जवळ कोण माणूस आहे, याची त्यांस फारशी क्षिति नसे. हा स्वभाव ज्यानें चार वर्षें सोसला, त्यानें आपणही अदलाबदलीच्या मालांतलेच एक नग आहों हें ओळखावयास हवें होतें. ज्या मौनानें रीगन यांस दार उघडून दिलें, त्याच मौनानें दोन वर्षांनीं त्यांस बाहेर काढलें. आणि बाहेर काढलें तेव्हां मात्र त्यांस तें कृतघ्नपणाचें वाटलें.

अर्थखात्याचें या अदलाबदलींत नुकसान झालें नाहीं, हें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. १९८५ च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलांत पांच राष्ट्रांनीं डॉलरचा भाव उतरविण्याचा करार केला व १९८६ सालीं करपद्धतीची मोठी सुधारणा झाली. दोहोंमध्यें जेम्स बेकर यांचा हात होता. नुकसान झालें तें अध्यक्षांच्या कचेरीचें. मीस ॲटर्नी जनरल होऊन गेले, मे महिन्यांत डीव्हरही गेले, आणि तिघांच्या जागीं एकटे रीगन उरले. मंत्र्यांच्या सात मंडळांचीं त्यांनीं दोन केलीं. हुकूम वरून खालीं जावा, कागद खालून वर यावा, आणि दोहोंची वाट आपल्याच मेजावरून जावी, ही पेढीवरची पद्धति त्यांनीं येथें आणली. टीकाकार त्यांस 'पंतप्रधान' म्हणूं लागले. पेढीवर ते खरोखर धनी होते. येथें सत्ता उसनी होती, आणि उसन्या सत्तेचा भोगवटा करतांना मालकाच्या घरच्यांची नजर आपल्यावर आहे हें विसरून चालत नाहीं. १९८५ च्या जुलैंत अध्यक्षांवर बेथेस्डा येथील आरमारी रुग्णालयांत आंतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. रीगन यांनीं तेथें हेलिकॉप्टरनें जाण्याचा बेत केला. नॅन्सीबाईंनीं तो हाणून पाडला, कारण तें वाहन अध्यक्षांचें. ही क्षुल्लक गोष्ट दोघांनींही आपापल्या पुस्तकांत सांगितली आहे, आणि दोघेंही आपलेंच खरें मानतात! १९८६ च्या नोव्हेंबरांत तर रीगन यांनीं पत्रकारांजवळ अशी उपमा योजिली कीं, मिरवणूक पुढें निघून गेल्यावर मागून फावडीं घेऊन रस्ता साफ करणाऱ्या लोकांसारखें आमचें काम आहे. मिरवणुकींत पुढें कोण होतें, हें कोणास सांगावें लागलें नाहीं. ब्राउनलो समितीनें मागितलेली अप्रसिद्धीची आवड ती हीच काय?

आतां त्या प्रसिद्ध ज्योतिषाकडे वळूं. ३० मार्च १९८१ रोजीं अध्यक्षांवर गोळी झाडली गेली, आणि त्या धसक्यानें नॅन्सीबाईंनीं ज्योतिषिणीचा आश्रय घेतला. रीगन यांच्या मेजावर एक दिनदर्शिका असे. तींत शुभ दिवस हिरव्या शाईनें, अशुभ तांबड्या आणि संशयित पिवळ्या शाईनें दाखविलेले असत. १९८७ च्या आरंभींच्या महिन्यांतील वर्ज्य दिवसांची यादीच त्यांनीं पुस्तकांत उतरून दिली आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं पंचांग असेल. त्यांनीं तरी या बाईंस हंसूं नये. नवऱ्याच्या छातींत गोळी शिरलेली जिनें पाहिली, तिनें ग्रहांस शरण जावें यांत निंद्य तें काय? परंतु आपल्या रिवाजांत आणि या प्रकारांत एक अंतर आहे. आपण मुहूर्त पाहतों तो लग्नपत्रिकेंत छापतों. येथें तो लपविला जात होता. राष्ट्राच्या अध्यक्षानें अमुक दिवशीं बोलावें आणि तमुक दिवशीं बोलूं नये, हें कचेरीबाहेरची एक व्यक्ति ठरवी, त्याचें कारण मंत्र्यांस ठाऊक नसे, लोकांस तर नसेच नसे. आणि ज्या एका माणसानें 'हें कारण सांगितल्यावांचून मी दिवस बदलणार नाहीं' असें म्हणावयाचें, तो हिरवी-तांबडी शाई घेऊन बसला होता! बाईंचा दोष भयाचा आहे; कारभाऱ्याचा दोष मात्र अनुमोदनाचा आहे. तो दोष पुस्तकांत कोठेंही कबूल केलेला आम्हांस आढळला नाहीं. पुस्तक गाजल्यावर अध्यक्षांनीं, आपला कोणताही धोरणविषयक निर्णय ज्योतिषावरून झालेला नाहीं, असें जाहीर केलें. तें खरें मानलें तरी दिनक्रमाचा प्रश्न उरतोच.

इराणचें प्रकरण १९८६ च्या नोव्हेंबरांत बाहेर आलें. ओलीस ठेवलेल्या अमेरिकनांच्या सुटकेसाठीं इराणला शस्त्रें विकलीं गेलीं होतीं, आणि त्यांतला पैसा निकाराग्वाच्या बंडखोरांकडे वळविला गेला होता. २५ नोव्हेंबर रोजीं राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार पॉइंडेक्स्टर यांनीं राजीनामा दिला व कर्नल नॉर्थ यांस काढण्यांत आलें. पैसा वळविल्याची आपणांस वार्ता नव्हती असें रीगन सांगतात, आणि त्यावर अविश्वास ठेवण्यास आम्हांस कारण दिसत नाहीं. पण त्यांचा बचाव हाच त्यांच्यावरचा आरोप होतो. सर्व वाटा ज्यानें आपल्या मेजावरून नेल्या, त्याच्याच इमारतींत ही एक वाट बाजूनें गेली, आणि ती त्यास दिसली नाहीं. तिघांच्या काळीं ती दिसली असती, असें छातीवर हात ठेवून कोण सांगेल? परंतु तेव्हां पाहणारे डोळे अधिक होते एवढें खास.

पुढचे तीन महिने म्हणजे या पुस्तकांतील सर्वांत कडवट भाग. अध्यक्षांनीं लोकांपुढें येऊन सारें सांगावें असें रीगन यांचें मत. ५ जानेवारी १९८७ रोजीं अध्यक्षांवर पुन्हां शस्त्रक्रिया झालेली, म्हणून त्यांनीं विश्रांति घ्यावी असें नॅन्सीबाईंचें मत, आणि दिनदर्शिका बाईंच्या बाजूस. एके दिवशीं रीगन यांनीं त्यांचें बोलणें चालू असतां टेलिफोन खालीं ठेवला. तें वर्तमानपत्रांत आलें. २६ फेब्रुवारी रोजीं टॉवर समितीचा अहवाल निघाला. गौप्यस्फोटानंतर जो गोंधळ माजला त्याची मुख्य जबाबदारी रीगन यांची, असा ठपका त्यांत होता. दुसऱ्याच दिवशीं आपल्या जागीं हॉवर्ड बेकर यांची नेमणूक झाली, ही बातमी रीगन यांस कळली ती धन्याच्या तोंडून नव्हे, तर सी. एन. एन. या दूरचित्रवाणीच्या वृत्तावरून. त्यांनीं एका वाक्याचा राजीनामा लिहिला आणि त्याच दिवशीं ते गेले. या प्रसंगीं आमची सहानुभूति पूर्णपणें त्यांच्याकडे आहे. कितीही चुकलेला असो, अडुसष्ट वर्षांच्या माणसास बडतर्फीची बातमी तिऱ्हाइताकडून कळावी हें लाजिरवाणें होय. हा प्रघात मात्र पडला खरा. २८ जुलै २०१७ रोजीं ट्रम्प यांचे कारभारी प्रीबस यांच्या जागीं दुसऱ्याची नेमणूक जाहीर झाली तीही ट्विटरवरून.

हॉवर्ड बेकर कसे आले याची एक गोष्ट सांगतात. अध्यक्षांनीं टेलिफोन केला तेव्हां ते फ्लॉरिडांत नातवंडांस घेऊन प्राणिसंग्रहालय पाहावयास गेले होते. अध्यक्ष त्यांच्या पत्नीस म्हणाले, मीं त्यांच्यासाठीं योजिलेलें प्राणिसंग्रहालय त्यांनीं अजून पाहिलेलें नाहीं! हे टेनेसीचे माजी सेनेटर, १९८१ ते १९८५ सेनेटमधील बहुमतवाल्या पक्षाचे नेते. १९७३ सालच्या वॉटरगेट चौकशींत, अध्यक्षांस काय ठाऊक होतें आणि केव्हां, हा प्रश्न यांनींच विचारून गाजविला होता. १९८८ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीस उभें राहण्याचा त्यांचा विचार होता. तो सोडून त्यांनीं हें पद घेतलें. जेन मेयर व डॉइल मक्मॅनस यांच्या 'लँडस्लाइड' या १९८८ च्याच पुस्तकांत त्यांच्या आगमनाची हकीकत आहे, आणि ती रीगन यांच्या पुस्तकाशेजारीं ठेवून वाचावी. बेकर यांचे सहकारी जेम्स कॅनन हे आधीं कचेरींतील लोकांशीं बोलून आले. त्यांस इतकें विदारक ऐकावयास मिळालें कीं, अध्यक्ष कार्यक्षम राहिले नसल्यास लागू होणाऱ्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीचा विचार करावा, असें त्यांनीं लिहून दिलें. २ मार्च रोजीं बेकर आणि त्यांचे सहकारी अध्यक्षांच्या भोंवतीं बसले, त्यांस न्याहाळलें, आणि ते हुशारींत असल्याचें पाहून तो कागद बाजूस ठेवला. ४ मार्च रोजीं अध्यक्षांनीं राष्ट्रापुढें कबूल केलें कीं, आपलें मन मानीत नसलें तरी पुरावा असें सांगतो कीं ओलिसांसाठीं शस्त्रें दिलीं गेलीं.

त्याच अध्यक्षांकडून, त्याच घरांत, पांच दिवसांत हें झालें. नव्या कारभाऱ्यानें काय केलें? त्यानें आधीं प्रश्न विचारला. धनी विचारीत नाहीं, तर त्याच्या वतीनें, आणि प्रसंगीं त्याच्याविषयींही, आपण विचारावें हें त्यास कळत होतें. अठरा वर्षांच्या सेनेटमधील कामानें, जेथें कोणासच हुकूम करतां येत नाहीं तेथल्या कामानें, त्यास तें शिकविलें असावें. रीगन यांची कल्पना मात्र शेवटपर्यंत अशी कीं, धन्याच्या मौनाची जागा कारभाऱ्यानें आपल्या हुकमानें भरून काढावी.

एक प्रश्न उरला, आणि तो आमच्या वाचकांस सर्वांत आधीं पडला असेल. ज्याचें मीठ खाल्लें त्याच्या घरांतल्या गोष्टी, तो अद्याप गादीवर असतांना, अशा चव्हाट्यावर मांडाव्या काय? पुस्तक निघालें त्याच महिन्याच्या अखेरीस अध्यक्ष मॉस्कोस गोर्बाचेव्ह यांच्या भेटीस निघाले होते. आमच्या नाना फडणिसांनींही आत्मवृत्त लिहिलें. त्यांत स्वतःच्या तारुण्यांतील स्खलनें त्यांनीं विलक्षण मोकळेपणानें सांगितलीं, पानिपताहून जीव वांचवून आलों तें सांगितलें, आणि पुढील दीर्घ कारभाराविषयीं लेखणी आंवरली. स्वतःविषयीं प्रांजळ आणि धन्याच्या घराविषयीं मुका, असा तो कारभारी. रीगन यांचें नेमकें उलट आहे. तरीही मिठाचा दाखला आम्ही येथें देणार नाहीं. रीगन यांचें वेतन अध्यक्षांच्या खिशांतून येत नव्हतें, तें लोकांच्या करांतून येत होतें. लोकांस ही हकीकत कळण्याचा हक्क होता. आमची तक्रार ती सांगितल्याबद्दल नसून केव्हां सांगितली याबद्दल आहे. दोन वर्षें जी दिनदर्शिका मेजावर निमूटपणें चालली, ती अपमान झाल्यावरच लोकहिताची झाली. जागेवर असतांना तिच्यासाठीं राजीनामा दिला असता, तर तो एका वाक्याचा राजीनामा इतिहासांत मोठ्या मानानें वाचला गेला असता.

याच घराविषयीं पुढें आणखी पुस्तकें निघालीं. नॅन्सीबाईंचें १९८९ सालीं. ज्योतिषीण जोन क्विग्ली यांचें १९९० सालीं, त्यांत तर सारें श्रेय ग्रहांस आणि ग्रह जाणणारणीस आहे. आणि त्याच वर्षीं अध्यक्षांचेंही. वादी, प्रतिवादी आणि साक्षीदार या सर्वांच्या कैफियती दप्तरीं दाखल झाल्या. त्यांत रीगन यांची भाषा सर्वांत सडेतोड आहे. पेढीवरचा हिशेबनीस जसा जमाखर्च मांडतो तशी ती खणखणीत, आणि जेथें मन दुखावलें आहे तेथें एकदम कर्कश. विनोद कमी. दुसऱ्याच्या मनांत शिरण्याची शक्ति त्याहून कमी. पण पाहिलेली गोष्ट पाहिली तशी सांगण्याचें धैर्य त्यांत आहे, आणि त्या धैर्यानेंच ती त्यांच्याविरुद्ध साक्ष देते. ज्यांच्या हातीं हें पुस्तक पडेल त्यांनीं वाचनास आरंभ अर्थमंत्रिपदाच्या प्रकरणांपासून करावा. ज्योतिषाचीं पानें मागाहून वाचलीं तरी चालतील.